अण्णांनी ठोकून बघितलेल्या शाळा

आमच्या बेळगुंदी गावापासून बेळगावपर्यंत अशी एकही वस्तू शिल्लक नसेल, जी आमच्या शेजारच्या अण्णांनी बोटाने ठोकून बघितलेली नाही. अण्णा बेळगावात लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीत कामाला आहेत. तयार झालेल्या लोखंडी भागावर छोटी हातोडी मारायची आणि कान द्यायचा, हे त्यांचं काम. चांगला भाग खणखणीत वाजतो, आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. पण ही सवय फौंड्रीच्या फाटकाशी थांबत नाही. कलिंगड, माठ, दुकानातलं हेल्मेट हे तर सोडाच, साडूच्या वास्तुशांतीला जाऊन त्यांनी जेवणाआधी घरातले सगळे खांब ठोकून बघितले. साडू तेव्हापासून जरा तुटकच बोलतात. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. सगळ्यांनी पेढे दिले, अण्णांनी माझ्या जाडजूड पुस्तकावर टकटक केली आणि "भरीव वाटतंय" एवढंच म्हणाले. मला ते पेढ्यांपेक्षा जास्त आवडलं, पण तसं कुणाला सांगायचं धाडस झालं नाही.

त्यांचा एकुलता मुलगा सातवीत आला आणि आठवीला कुठे घालायचा हे ठरवायची वेळ आली, तेव्हा मात्र अण्णा अडले. आमच्याकडे हल्ली ज्याला त्याला मुलगा शहरातल्या खाजगी, फक्त मुलांच्या शाळेत घालायचा असतो. कुणी शिस्तीचं सांगतो, कुणी तिथे कुणाकुणाची पोरं शिकली ते सांगतो. अण्णांचा मुलगा दोन बहिणींत वाढलेला, हळू बोलणारा, पाहुण्यांना न सांगता पाणी आणून देणारा. तो तिथून कसा होऊन बाहेर पडेल, हीच त्यांची काळजी. अण्णांच्या बायकोने, वहिनींनी, आधीच सांगून टाकलं होतं, "निस्ती पोरं एका जाग्याला कोंडली की सांड हुत्यात." अण्णांना तेही पटत होतं आणि शाळांची नावंही सोडवत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "नाव म्हंजे वरचा रंग. ठोकल्याबिगर कळायचं न्हाय."

आता शाळा ठोकायची कशी? अण्णांनी त्यासाठी स्वतःच्या आईला कामाला लावलं. शनिवारी शाळा सुटायच्या वेळी आईने रताळ्यांनी भरलेली पिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीतून उलट चालायचं. आई पडू नये म्हणून सोबत मी. अण्णा आणि त्यांचा मुलगा रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यावर, पिशवीला कोण हात लावतं ते बघत. आधी पिशवीत गोधडी भरली होती, पण ती हलकी दिसते, पोरांना कीव येणार नाही, म्हणून रताळी आली. म्हातारी कुरकुरली. "नातवाला शाळा बघतोयस का मला हमालीला लावतोयस रं?" पण दर शनिवारी नवं लुगडं नेसून तीच सगळ्यात आधी तयार असायची.

पहिल्या शाळेत ती कुणाला दिसलीच नाही. पोरं मोटारींत बसली आणि मोटारी निघून गेल्या. निपाणीकडच्या वसतिगृहाच्या शाळेत शिट्टी वाजली, सगळी रांग जागच्या जागी थांबली आणि मध्ये एवढी वाट झाली की म्हातारी घाबरून धावतच पार झाली. "शिस्त लई हाय," अण्णा म्हणाले, "पण ह्यात पोरं कुठं हाईत?"

तिसरी शाळा सगळ्यात नावाजलेली. तिथे टाय लावलेली दोन मोठी मुलं पुढे आली, "आज्जी, द्या इकडं" म्हणाली, पिशवी बसथांब्यापर्यंत नेली आणि वर वाकून नमस्कारही केला. पलीकडे अण्णांचे डोळे भरून आले. बसमध्ये ते कंडक्टरलाही हीच गोष्ट सांगत होते. सोमवारी अर्ज आणायचा हेही ठरून गेलं.

मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हातारीला सोडून परत जाताना तीच दोन मुलं मागे राहिलेल्या माझ्या अगदी जवळून गेली होती. माझ्याकडे बघून ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मग ती हसली होती. इतक्या मोठ्या शाळेबद्दल मी काय सांगणार, असं वाटत होतं. पण समोर अण्णांचा मुलगा आजीची पिशवी मांडीवर धरून बसला होता. मी सांगून टाकलं.

बसच्या दांड्यावर ताल धरलेली अण्णांची बोटं थांबली. त्यांनी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "आईकडनं खणखणीत वाजली. तुझ्याकडनं बद्द. तडा कुठं बी असूदे पोरी, माल परतच जातोय." म्हातारी म्हणाली, "मला वाटलंच हुतं. लई गोड बोलत हुती."

शेवटी मुलगा गेला तो एका साध्या गल्लीतल्या, फारसं नाव नसलेल्या मुलांच्याच शाळेत. तिथल्या पोरांनी म्हातारीची पिशवी हिसकून आत काय आहे ते आधी बघितलं, एकेक रताळं मागून घेतलं आणि भांडत भांडत पिशवी बसपर्यंत आणली. मला एकजण म्हणाला, "आक्का, बेळगुंदीची बस गेली. पळू नगा, मागनं दुसरी हाय." अण्णांनी निकाल दिला, "आवाज घोगरा हाय, पण तडा न्हाय."

तरी त्यांची खात्री पटलेली नाही. मुलगा घरी आला की बहिणींशी कसा बोलतो, ते अण्णा दाराआड उभे राहून ऐकतात. अजून काही वावगं ऐकू आलेलं नाही. पुढचं कुणाला माहीत?

म्हातारी मात्र आता शनिवारी पायरीवर नुसती बसून असते. एवढी बसमधून फिरली, दर शाळेपुढे भजी खाल्ली, ते सगळं थांबलं. परवा मी कॉलेजमधून येत असताना तिने मला हाक मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "एकादी शाळा ऱ्हायली न्हाय का गं बघायची?"

"सदलग्याकडं एक आहे म्हणे," मी म्हणाले.

"मग अण्णाला सांग की. पिशवी धुऊन ठिवलीया."