आकडा मोठ्याने सांगणारा माणूस

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे रेडिओ म्हणायचे. हा माणूस दिवसभर मोठ्याने बोलायचा आणि त्याचं कुणी ऐकायचं नाही, म्हणून रेडिओ. नाव कुणी ठेवलं विचाराल तर मीच ठेवलं. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, आताही फारसं नाही.

ऑफिस म्हणजे सरकारी प्रयोगशाळा. नाव मोठं, आत चार खोल्या, पाण्याची एक टाकी आणि एक म्हातारं दाबयंत्र. सरकारी पूल, दवाखाने, शाळा बांधताना जे काँक्रीट ओततात, त्यातलंच थोडं साच्यात भरून ठोकळे करतात आणि आमच्याकडे पाठवतात. आम्ही ते चार आठवडे पाण्यात ठेवायचो आणि मग यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचो. ठोकळा किती सोसतो त्याचा आकडा निघतो. पंचविसाच्या वर गेला तर बांधकाम पास. खाली राहिला तर पाडा आणि नव्याने बांधा. मी तिथे एकोणतीस वर्षं कारकून होते आणि तेवढ्या काळात एकही बांधकाम पाडलं गेलं नाही. आता काय ते तुम्हीच समजा.

यंत्र आतल्या खोलीत आणि माझं टेबल दाराबाहेर. यंत्राची घरघर एवढी, की आकडा ओरडूनच सांगावा लागे. यंत्र चालवणारे रेडिओ आतून ओरडायचे, "सतरा!" आणि मी बाहेर नोंदवहीत लिहायचे, सत्तावीस. कारण सकाळीच साहेबांची चिठ्ठी माझ्या टेबलावर आलेली असायची, कुणाच्या ठोकळ्याला किती लिहायचं त्याची. एकदा घाईघाईत मी कानाने ऐकलं तेच लिहून बसले. साहेबांनी अख्खं पान माझ्याकडून पुन्हा उतरवून घेतलं. म्हणाले, "बाई, हात चालू ठेवा, कान बंद ठेवा." आणि हसले. मीही हसले. नोकरीत हसावं लागतं.

चलाख ठेकेदार निदान ठोकळ्यापुरतं तरी चांगलं सिमेंट वापरायचे. काही बहाद्दर तर तेवढेही कष्ट घ्यायचे नाहीत, साहेब खिशात असल्यावर कशाला घेतील! माझी धाकटी बहीण परदेशात असते. मला वाटायचं तिकडे सगळं लख्ख असेल. ती म्हणाली, "अगं ताई, इकडे पाकीट देत नाहीत, साहेबाच्या मेहुण्याकडून सल्ला विकत घेतात. फरक एवढाच की पावती मिळते."

आमच्याकडे पाकीटच चालायचं. शनिवारी दुपारी सगळ्यांना, शिपायापासून वरपर्यंत. मी घ्यायचे. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला होता आणि घरात खाणारी पाच तोंडं होती. रेडिओ तेवढे घेत नसत. भांडत नसत, भाषण देत नसत, फक्त पाकीट यायच्या वेळी हात धुवायला टाकीकडे जायचे आणि बराच वेळ धूत राहायचे. टाकीतल्या त्या चुन्याच्या पाण्याने त्यांचे हात बारा महिने फाटलेले असत.

जो घेत नाही त्याची सगळ्यांना धास्ती. त्यांच्याशी चहाला कुणी बसेना. त्यांनी डबा उघडला की बाकीच्यांना अचानक कामं आठवायची. बावीस वर्षं तो माणूस टाकीच्या कठड्यावर एकटा बसून जेवला. मी दाराबाहेर बसायचे म्हणून अधूनमधून दोन शब्द बोलायचे, तेही साहेब बाहेर गेले असले तर. एकदा न राहवून विचारलं, "अहो, मी काय लिहिते ते ठाऊक आहे ना तुम्हाला? मग घसा कशाला फोडता?"

"ताई, माझं काम आकडा सांगायचं," ते म्हणाले. "लिहायचं काम तुमचं."

राग आला मला. संध्याकाळभर भांडी आपटली घरी. पण खरं सांगते, त्या माणसाच्या तोंडून कधी खोटा आकडा आला नाही.

बायको लवकर गेली त्यांची. एकच मुलगी. त्या फाटक्या बोटांत केस अडकायचे म्हणून तिच्या वेण्या घालताना हातात मोजे घालायचे, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं, आणि सांगताना इतके खुशीत होते की मी बघतच राहिले. मुलगी शिकली, शिक्षिका झाली. सहा वर्षं तात्पुरत्या नोकऱ्यांवर इकडून तिकडे फिरली. आणि मग एकदाची कायमची नेमणूक आली, सरकारच्या नव्याकोऱ्या दुमजली शाळेत.

त्या शाळेच्या छताचे ठोकळे आमच्याकडेच फुटले होते. रेडिओ आतून ओरडले होते, "चौदा!" तीन ठोकळे, तिन्ही वेळा चौदाच्या आसपास. मी तिन्ही वेळा अठ्ठावीस लिहिलं होतं.

त्यांनी मुलीला सांगितलं, त्या शाळेत जाऊ नकोस. ती म्हणाली, "बाबा, सहा वर्षं वाट बघितलीय मी." त्यांनी चौदाचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "कागद दाखवा." आता कागद कुठून आणणार? कागद तर मी लिहिलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला घेऊन सरळ माझ्या टेबलापाशी आले. मुलगी पहिल्यांदाच बघत होते. बापासारखंच कपाळ, बापासारखीच ताठ मान. नोंदवही माझ्यासमोर उघडी होती. साहेबांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं आणि आतलं टेलिफोनवरचं बोलणं मधेच थांबलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "वहीत काय आहे ते मला दिसतंय. बाबांनी त्या दिवशी काय आकडा सांगितला, तेवढं सांगा."

माझ्या नोकरीची सात वर्षं उरली होती. मी वहीकडे बघितलं.

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

रेडिओंनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं एखादं यंत्र आज चालू का होत नाही म्हणून माणूस बघतो. मुलगी म्हणाली, "चला बाबा, निघते मी," आणि गेली.

शाळा सुरू झाली तेव्हा ते रजा टाकून फाटकापाशी उभे राहिले. चार दिवस. पोरांना सोडायला येणाऱ्या आयाबापांना सांगत होते, छत कच्चं आहे, मुलांना आत पाठवू नका. लोक हसले. कुणी म्हणालं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं प्यायलाय. मुख्याध्यापिकेने मुलीला बोलावून विचारलं, "वडील सांभाळता की नोकरी?" त्या संध्याकाळी मुलगी घरी आली, कपडे भरले आणि शाळेजवळ खोली घेतली. जाताना म्हणाली, "बाबा, पुन्हा तिकडे येऊ नका. मीही येणार नाही." हे मला शिपायाकडून कळलं.

ते कामावर परत आले आणि रेडिओ बंद पडला. यंत्र घरघरायचं, ठोकळा फुटल्याचा आवाज यायचा, आणि आतून काहीच नाही. पहिल्या दिवशी मी पेन धरून वाट बघत बसले. मग कळलं, आता ओरडणार नाहीत. बाकीच्यांना फरक पडला नाही. मला त्या शांततेत बसवत नसे. चिठ्ठीवरून आकडे उतरवायचे आणि घरी जायचं, एवढंच उरलं. सात वर्षं तशीच गेली, आणि आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो.

नवरा गेला, मुलं आपापल्या संसाराला लागली आणि मलाही घर खायला उठायला लागलं. तेव्हा मी रेडिओंकडे जायला लागले, महिन्यातून एकदा. एक खोली, दोन खाटा, दोन खुर्च्या. दुसऱ्या खाटेवर आणि दुसऱ्या खुर्चीवर कपडे, जुनी वर्तमानपत्रं, काय काय साठलेलं. मी आले की खुर्चीवरचं खाटेवर जायचं, गेले की बहुतेक परत खुर्चीवर. ते चहा करायचे, आम्ही बसायचो. जुन्या गोष्टी काढत नसू. निघताना मात्र ते दर वेळी एकच विचारायचे, "त्या शाळेवरून जाणं होतं का कधी? उभी आहे ना?"

"उभी आहे," मी म्हणायचे.

"चांगलं आहे," ते म्हणायचे. आणि मला कळायचं की ती शाळा जितके दिवस उभी राहणार तितके दिवस हा माणूस जगाच्या लेखी खोटा ठरणार. तरी ती पडावी असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. कसं येईल? पोटची पोर तिच्या आत.

मागच्या महिन्यात मात्र मला सहन होईना. त्यांच्या मुलीने घर सोडल्याला बारा वर्षं झाली. माझे गुडघे गेले, डोळे चालले, उद्या मी मेले तर तो आकडा ऐकलेलं दुसरं माणूस राहणार नाही. मी त्यांना म्हटलं, "मी जाते तिच्याकडे. सगळं सांगते. मी खोटं बोलले म्हणून सांगते."

त्यांनी माझा रिकामा कप तीनदा विसळला.

मी शाळेत गेले तेव्हा मधली सुट्टी नुकतीच संपली होती. तिचा वर्ग वरच्या मजल्यावर, थेट छताखाली. दारात जाऊन उभी राहिले आणि बघतच राहिले. सगळी बाकं चारी भिंतींना चिकटवून लावलेली. मुलं भिंतींच्या कडेने बसलेली, आणि मधली सगळी जमीन मोकळी. एक पोरगी पेन्सिल पडली म्हणून मधे धावली, तशी फळ्यापाशी उभी असलेली रेडिओंची मुलगी एकदम ओरडली, "कडेने जा!"

तिने मला ओळखलं. बाहेर आली. केस पिकायला लागलेले. मी तिथेच जिन्यापाशी सगळं सांगून टाकलं, रडत, नाक पुसत, काही राखून न ठेवता. ती ऐकत होती आणि तिचं अर्धं लक्ष वर्गाकडे होतं.

"मला ठाऊक होतं, मावशी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुम्ही वहीत बघून सांगितलंत. मी वहीतलं विचारलंच नव्हतं."

मी जिन्याचा कठडा धरला. "अगं, मग त्यांच्याशी का अशी वागलीस? बारा वर्षं?"

"मला नोकरी हवी होती. तुम्ही अठ्ठावीस म्हणालात, मला बरंच वाटलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "बाबा समोर असते तर मी एक दिवस इथे टिकले नसते. ते समोर नसले की जमतं."

"मग दुसऱ्या शाळेत बदली तरी मागायची."

ती हसली. "बदलीसाठी कुणाचे हात ओले करावे लागतात ते तुम्ही मला विचारताय? तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. आणि मी गेले तर माझ्या जागी जी येईल ती बाकं परत मधे मांडेल, छत खचलं तर आधी खचेल तिथेच. मागे तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले होते, त्यांना ही मांडणी फार आवडली. शिकवायची नवी पद्धत वाटली त्यांना."

मी विचारलं, वडिलांना काय सांगू. तिने वर्गात डोकावून बघितलं. मग म्हणाली, "मी भेटले नाही म्हणून सांगा," आणि वर्गात गेली. भिंतीच्या कडेने.

तिथून मी त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. दाढी केलेली, धुतलेला शर्ट घातलेला. मी टेकायच्या आत त्यांनी विचारलं, "भेटली?"

भेटली नाही म्हणायचं मी जिन्यापासून घोकत आले होते. त्या धुतलेल्या शर्टाकडे बघून जीभ वळली नाही. आणि खरं तर त्याहून सांगवेना. तिला ठाऊक होतं, तुमचं पटलं होतं, पटूनच ती गेली, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? इतकी वर्षं तो माणूस एका समजुतीवर तगला होता, की पोरीला खरं कळलंच नाही.

"भेटली," मी म्हटलं. "फार चिडली माझ्यावर. म्हणाली, तुम्ही तेव्हा खरं बोलला असता तर मी बाबांचं ऐकलं असतं."

त्यांनी डोळे मिटले. इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं यांना काही होतंय. मग म्हणाले, "मी म्हणतच होतो. तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

"हो ना," मी म्हटलं.

"आता कळलं म्हणजे येईल."

मी पदराने चष्मा पुसत बसले.

"रविवारी येईल. शाळेला सुट्टी असते." ते उठले आणि दुसऱ्या खाटेवरचा कपड्यांचा ढीग उचलायला लागले. वर्तमानपत्रं खाली ठेवली, चादर झटकली, उशी उन्हात ठेवायला खिडकीत नेली. फाटक्या बोटांना कपड्यांचे धागे अडकत होते. मी उठून घड्या घालायला बसले.