अप्पांचं येऊ घातलेलं बोर्ड

खंडेनवमीला आमच्या अंबडच्या कारखान्यात प्रत्येक जण आपापल्या हत्याराची पूजा करायचा. फिटर पान्यांची, वेल्डर मशीनची, स्टोअरवाला तर कुलपाचीसुद्धा. मी नव्याने लागलो त्या वर्षी मेंटेनन्सच्या खोलीत डोकावलो, तर तिथे पाट मांडलेला, भोवती रांगोळी, झेंडूची फुलं, उदबत्ती. आणि पाटावर काहीच नाही! समोर अप्पा गायधनी डोळे मिटून हात जोडून बसलेले.

"अप्पा, देव कुठंय?" मी विचारलं.

"निघालाय," डोळे न उघडता अप्पा म्हणाले. "अजून पोचला नाही."

हा देव म्हणजे एक हिरवी पाटी. तळहाताएवढी. तिच्यावर एक चिप बसवलेली असते आणि कॉम्प्युटरवरून तिला जे शिकवाल ते ती करते. दिवा लाव म्हटलं की लावते, मोटर बंद कर म्हटलं की करते. तिला बोर्ड म्हणतात. असलं एखादं नवीन बोर्ड परदेशात निघणार अशी बातमी इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात आली, की अप्पांच्या घरी दिवाळी सुरू व्हायची. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. अप्पा शिकले, पॅनल दुरुस्तीला लागले, पण मुहूर्त काढायची खोड रक्तातच होती. "मार्गशीर्षात येतंय," ते सांगत. मार्गशीर्ष कोरडा गेला की म्हणत, "कस्टममध्ये अडकलंय बिचारं." बिचारं! जसं काही भाचा विमानतळावर अडकलाय.

मी सटाण्याकडचा माणूस. आमच्याकडे विहिरीवरची मोटर चालू करायला कोणी पंचांग उघडत नाही. त्यामुळे मला हे सगळं थोतांड वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलायचो. अप्पा रागवायचे नाहीत. "आहेर, तू घाईचा माणूस आहेस," एवढंच म्हणायचे आणि रविवारच्या मिसळीला मलाच बोलवायचे. तिथे तर्री वरपताना येणाऱ्या बोर्डाचे गुण ऐकावे लागत. मेमरी दुप्पट, वायरी निम्म्या. पुढे सायबर कॅफे निघाले, तेव्हा बोर्डाचा फोटो बघायला ते मला घेऊन गेले. फोटो वरून खाली इंचाइंचाने उतरत होता. अर्धा उतरला आणि वीज गेली. अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "मुखदर्शन झालं. आज एवढं पुष्कळ."

आता मुळातलं सांगतो. अप्पांचं सिडकोत छोटं रो-हाऊस होतं. सकाळी नळाला पाणी आलं की ते खालच्या टाकीतून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकी भरली का हे बघायला सुमनवहिनी दोन जिने चढून गच्चीवर जायच्या, झाकण उचलायच्या आणि ओरडायच्या, "झाली!" मग खाली अप्पा बटण बंद करायचे. घरातल्या पाणीपुरवठ्यात अप्पांचा वाटा एवढाच, एका बोटाचा. बरं, हे अप्पांना कळत नव्हतं असं नाही. वहिनींचे गुडघे दुखायला लागले होते, जिन्यात अधूनमधून बसावं लागायचं. अप्पांनी वचन दिलं होतं, की टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल असं यंत्र करून देतो. फक्त नवीन बोर्ड येऊ दे.

"आहे त्या बोर्डावर नाही का होणार?" मी विचारलं होतं. कारण घरात तोवर सात बोर्डं आली होती. सातही वहिनींच्या जुन्या पातळात गुंडाळून खोक्यात ठेवलेली. प्रत्येक बोर्ड घरी पोचेपर्यंत पुढच्याची बातमी आलेली असायची.

"होईल की," अप्पा म्हणाले. "पण साखरपुडा एकीशी झालाय आणि बोहल्यावर दुसरीच उभी केली, तर बरं दिसतं का?"

या मंगलाष्टकांत बारा वर्षं गेली. होय, बारा. वहिनी आता कठड्याला धरून आडव्या पायांनी जिना उतरायच्या. तरी त्या माणसाला टोचून बोलत नव्हत्या. मीच एकदा चिडून म्हणालो, "वहिनी, तुम्ही यांना डोक्यावर चढवून ठेवलंय." तर म्हणाल्या, "भाऊजी, दारू नाही, पत्ते नाहीत. वाटच बघतात ना? बघू दे."

मग आठवं बोर्ड आलं. सगळ्यांत मोठं, ज्याच्यासाठी अप्पा दोन वर्षं झुरले होते ते. रविवारी सकाळी मला खास बोलावणं आलं. वरच्या खोलीत पाट, रांगोळी, आणि या वेळी पाटावर खरोखरचं खोकं. अप्पा सोवळं नेसून बसलेले. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. खालची मोटर चालू होती, तिचा आवाज येत होता. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. बारा वर्षांनी का होईना, आज जिना सुटणार म्हणून त्या नव्या नवरीसारख्या लाजून हसत होत्या.

अप्पांनी खोकं उघडलं. बोर्डाच्या वर एक घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि हळूच खोक्याचं झाकण लावलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुधारित आवृत्ती येतेय," अप्पा म्हणाले. आवाजात दुःख असेल असं तुम्हाला वाटेल. छे! डोळे चमकत होते. "दोनच महिन्यांचा प्रश्न आहे. हे आता लावण्यात अर्थ नाही. सुमन, तेवढी टाकी बघ, भरत आली असेल."

वहिनींनी कप खाली ठेवले. खुर्ची ओढली आणि बसल्या.

"सुमन, टाकी."

"घाई कशाला?" वहिनी म्हणाल्या. "बाजारात नवीन गुडघे येतायत म्हणे. ते आले की चढते. दोनच महिन्यांचा प्रश्न आहे."

वर टाकी भरली, वाहायला लागली. पाणी गच्चीवरून जिन्यात आलं, जिन्यातून खोलीत. रांगोळी गेली, पाटाखाली ओघळ आला, कोपऱ्यातलं सात बोर्डांचं खोकं भिजायला लागलं. वहिनी साडी गुडघ्यांवर आवरून शांतपणे चहा पीत होत्या. अप्पा त्यांच्या पायांकडे बघत होते. सुजलेल्या, तेल चोपडून पिवळ्या पडलेल्या त्या गुडघ्यांकडे त्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असावं. मग उठले, आणि सोवळ्यातच धावत खाली जाऊन बटण बंद करून आले.

त्याच दुपारी त्यांनी टेबलाचा खण उपसला. दोन वायरी, एक ट्रान्झिस्टर, जुन्या दारघंटीतला बझर. वायरींची टोकं टाकीत सोडली. पाणी टोकांना लागलं की खाली बझर वाजणार, मग बटण बंद करायचं. बोर्ड नाही, चिप नाही, काही नाही. पाऊण तास लागला. पहिल्यांदा बझर वाजला तेव्हा मी आनंदाने टाळी वाजवली, पण अप्पा पायरीवर बसून ढसाढसा रडले. "पाऊण तास रे आहेर," एवढंच म्हणत होते.

पुढच्या वर्षी वहिनींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांकडे मीही सोबत होतो. ते सहज बोलून गेले, "सहा महिन्यांत नवीन प्रकारचा सांधा येतोय. थांबायचं असेल तर बघा." मी खुर्चीचा हात घट्ट धरला. वहिनी अप्पांकडे बघायला लागल्या.

"नको," अप्पा म्हणाले. "आज तुमच्या कपाटात जो आहे तो बसवा."

बाहेर आल्यावर मी त्यांची थट्टा केली. "अप्पा, सहा महिन्यांचाच तर प्रश्न होता!"

"वाट मी बघायची आणि दुखायचं हिला," ते म्हणाले. "हे बारा वर्षं चाललं. आता पुरे."

ऑपरेशनला तीन महिने झाले, तेव्हा एका सकाळी मी गेलो, तर वहिनी घरात नव्हत्या. कोणी सांगितलं नसताना, कठडा न धरता, त्या गच्चीवर चढल्या होत्या. वरून आवाज आला, "झाली!" आणि त्यानंतर क्षणभराने बझर वाजला.

"बघा," वहिनी वरून ओरडल्या, "तुमचं यंत्र माझ्या मागूनच बोलतं!"

अप्पांनी बटण बंद केलं. वर मान करून म्हणाले, "ते होईल गं दुरुस्त. पुढच्या आवृत्तीत..." आणि जीभ चावून वायरी घ्यायला खणाकडे धावले.