धुतलेले दगड

पितांबर आमच्या शिंदखेड्याचा. धुळ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. मे महिना लागला की लोक मामाच्या गावाला जात, हा हिमालयात स्पितीला. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ कसा होता, पाणी कुठून कुठे वाहायचं, हे तो डोंगरातल्या दगडांवरून मांडत होता. आम्ही त्याला चेष्टेने 'दर्यासारंग' म्हणायचो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाचा दर्यासारंग!

दगड फोडून काढण्याआधी तो त्यावर चिकटपट्टी लावी आणि तिच्यावर एक आकडा नि उत्तरेकडे बाण काढी. आकड्यावरून दगडाची जागा कळे, बाणावरून थराचा कल. पट्टी गेली की दगड म्हणजे नुसता धोंडा. कित्येक उन्हाळ्यांचे असे दगड घरच्या माळ्यावर होते. त्याचा सगळा प्रबंध त्यांच्यावरच उभा राहायचा होता.

१९८८ च्या जूनमध्ये त्याचे वडील, अभिमन आबा, गेले. तार स्पितीत फार उशिरा पोहोचली. अग्नी चुलतभावाने दिला. पितांबर घरी आला तेव्हा तेरावंही उरकलं होतं.

सुतक फिटताना आमच्याकडे घरातली चीजवस्तू धुऊन काढतात. त्याच्या आईने, झुंबरबाईने, माळ्यावरचे दगडही सोडले नव्हते. राखेने घासून लख्ख केलेले दगड ओसरीत मांडलेले होते. एकावरही पट्टी नव्हती.

"तुना बठ्ठा दगड धुई टाकात मी," ती म्हणाली. "चिकटेल पट्ट्या नखेसघाई काढ्यात."

तिची बोटं सोलून निघाली होती. मी शेजारीच उभा होतो. माझ्या तोंडात शिवी आली, देवाला की रीतीला, मलाच ठाऊक नाही. पितांबरने ती बोटं हातात घेतली.

"चांगलं कयं, माय," तो म्हणाला. मग गोठ्यात जाऊन ढसाढसा रडला.

पुढे शेती अंगावर पडली. स्पितीला पुन्हा जाणं झालं नाही, प्रबंध राहिला तो राहिलाच. लोक म्हणायचे, पोरगा मोठ्या मनाचा. कसलं मोठं मन! माणूस आतून संपला होता, मी रोज बघत होतो.

आठ वर्षांनी झुंबरबाईने अंथरूण धरलं. एका दुपारी, दगड कामाला आले का म्हणून तिने विचारलं, "मी धुयेल दगड तुले कामले उनात ना?"

"उनात, माय. बठ्ठा उनात."

ती गेली. सुतक फिटायच्या दिवशी भाऊबंदांच्या बायका घर धुवायला आल्या. पितांबरने त्यांना दगडांना हात लावू दिला नाही. राख घेऊन तो विहिरीवर बसला आणि एकेक दगड त्याने स्वतः घासला.