सेटवर ढमाले उस्ताद

लडाखच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी सुट्टीवर भरे गावी होतो. वडील पिरंगुटच्या कंपनीतली पाळी संपवून नुकतेच आले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तितं वळखीचं कोन हाय का?"

"ढमाले उस्ताद हायेत."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

हवालदार मारुती ढमाले आमच्याच मुळशी तालुक्यातले, पौडच्या पलीकडचे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये मी इलेक्ट्रिशियन म्हणून भरती झालो, तेव्हा ट्रेनिंग सेंटरमध्ये ते आम्हाला जनरेटर शिकवायचे. दौडीत मी पुढे असायचो. सर्किटचा डायग्रॅम समोर आला की मात्र काही सुधरायचं नाही. रेषा दिसायच्या, करंट कुठून कुठे जातो ते दिसायचं नाही. पहिल्या परीक्षेत नापास झालो. पुन्हा तेच झालं असतं तर रेलिगेट, म्हणजे मागच्या बॅचमध्ये रवानगी. दुसऱ्या एका इन्स्ट्रक्टरने माझ्यासमोरच सांगून टाकलं, "ये लडका मेकॅनिक नहीं बनेगा."

ढमाले उस्तादांनी मला रविवारी वर्कशॉपमध्ये बोलावलं. रविवार त्यांच्याही सुट्टीचा होता. त्यांनी एक जुना जनरेटर उघडून माझ्या पुढ्यात ठेवला.

"कागद ऱ्हाऊ दे. ही तार धर आन् कुटं जातीया ते बोटानं दाव."

मी तारेवरून बोट फिरवत गेलो. चुकलो तर ते उत्तर सांगायचे नाहीत. "म्हागं ये. परत बघ," एवढंच म्हणायचे. त्यांचा आवाज कधी चढला नाही आणि त्यांनी कधी घड्याळही पाहिलं नाही. असे बरेच रविवार गेले. मग एकदा त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि सांगितलं, बोट जसं फिरलं तसं काढ. मी काढलं. पुस्तकातला डायग्रॅम तोच होता. त्या दिवशी मी मेसमध्ये पोटभर जेवलो. पुढच्या परीक्षेत पास झालो.

लडाखला उस्ताद खाली बेसवर होते. मला वरच्या पोस्टवर पाठवलं. तिथे मी एकटाच ट्रेड्समन, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा. रोजचं काम ठरलेलं. सकाळी बर्फ काढायचं, जनरेटर गरम करायचा, तेल बघायचं, मग लोड घ्यायचा, म्हणजे पोस्टची वीज त्यावर जोडायची. हिवाळाभर तेच.

एका सकाळी शिपाई गुरनामला धाप लागली. उंचीवर कधी कधी फुप्फुसांत पाणी होतं. फौजेत त्याला हापो म्हणतात. अशा माणसाला लगेच खाली न्यावं लागतं, पण ढग इतके उतरले होते की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. नर्सिंग असिस्टंटने त्याला ऑक्सिजनच्या यंत्रावर ठेवलं. ते यंत्र विजेवर चालायचं.

दुपारी चालू जनरेटरचा डिझेल पंप गेला. मी राखीव जनरेटर सुरू केला. इंजिन फिरलं, पण वीज येईना. गुरनामला सिलिंडर लावला. सिलिंडर तो एकच होता.

पोस्ट कमांडर मेजरसाहेब स्वतः वायरलेस सेट घेऊन आले. "बेस से बात करो."

"उस्ताद, इंजिन चालू आहे. वीज नाही. ओव्हर."

"इंजिन दमतंय का? ओव्हर."

"नाही. मोकळं पळतंय."

"मीटर काय दावतोय?"

"शून्य. काटा हलतच नाही."

"ह्ये मशीन किती दिस बंद व्हतं?"

"सगळा हिवाळा."

मेजरसाहेबांनी हँडसेट घेतला. "उस्ताद, सीधा बताओ, क्या करना है?"

"सर, मशीन उसके सामने है, मेरे सामने नहीं. वो देखेगा, वो बोलेगा."

साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हँडसेट परत दिला.

"घाई करू नगंस," उस्ताद म्हणाले. "मी सेट सोडत न्हाई. काय गेलं आसंल?"

मी हातमोजा काढला आणि तारेवर बोट ठेवलं. बोट फिरत फिरत फिल्डच्या कॉइलपाशी थांबलं. जनरेटर बंद झाला तरी त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मागे राहतं. पुढची वीज त्याच्या जोरावर तयार होते. फार दिवस मशीन पडून राहिलं तर कधी कधी तेही जातं.

"फिल्डचं चुंबकत्व गेलंय, उस्ताद. बॅटरीचा झटका द्यावा लागेल."

"आदी काय सोडवशील?"

"रेग्युलेटरच्या तारा. नाहीतर तो जळेल."

"प्लस कुटं?"

मी सांगितलं.

"मग कर की."

इंजिन बंद करून मी तारा सोडल्या, बॅटरी क्षणभर टेकवली. ठिणगी उडाली. तारा परत जोडल्या आणि इंजिन चालू केलं. काटा वर चढला. बंकरमध्ये यंत्राची घरघर सुरू झाली. नर्सिंग असिस्टंटने दारातून अंगठा वर केला.

"उस्ताद, लोड घेतला. ओव्हर."

"ठीक हाय. हातमोजं घाल. आउट."

दुसऱ्या दिवशी ढग फाटले आणि हेलिकॉप्टर गुरनामला घेऊन गेलं. तो वाचला. आजही दिवाळीला त्याचा फोन येतो.

मी आता निवृत्त आहे. पिरंगुटजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये शिकवतो. पालक येतात, मशिनं किती, नोकरी लागेल का, असं विचारतात. रास्त प्रश्न आहेत. पण पोरगं अडलं तर त्याच्याजवळ कोण थांबतं, हेही विचारावं. आमच्याकडे थांबतात. चांदे गावची एक मुलगी वेल्डिंगच्या ठिणग्यांना घाबरायची. आमच्या वेल्डिंगच्या मॅडम तिच्या हाताला हात लावून उभ्या राहायच्या, तिचा हात स्थिर होईपर्यंत. आज ती मुलगी कंपनीत वेल्डर आहे. अशा माणसांबरोबर काम करतो, याचा मला अभिमान आहे.

ढमाले उस्ताद लडाखच्या त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यातच गेले. दरडीत अडकलेली गाडी ते बाहेर काढत होते. वरून दगड सुटायला लागले तेव्हा हाताखालच्या दोघांना त्यांनी आधी मागे पिटाळलं. ते दोघे वाचले.

एस्कॉर्ट ड्युटी मी मागून घेतली आणि त्यांचं पार्थिव गावी आणलं. मानवंदना झाली, अग्नी दिला गेला. मग मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, काकू, दारात बसल्या होत्या.

"तुमी त्यांचं कोन?"

"विद्यार्थी."

त्यांनी अंगणाकडे हात केला. तिथे बरीच माणसं बसली होती. कोणी वर्दीत, कोणी कंपनीच्या शर्टात.

"ती समदी बी ह्येच सांगत्यात," काकू म्हणाल्या. "घरी कदी बोलले न्हाईत ह्ये. बसा त्यांच्यात."

मी जाऊन बसलो. शेजारच्याने बॅच विचारली, स्वतःची सांगितली. तो राजस्थानातून आला होता, तिथल्या एका छावणीचे पाण्याचे पंप सांभाळायचा. दुसरा साताऱ्याच्या इस्पितळात लिफ्ट बघायचा. एकेक जण आपण काय चालू ठेवलंय ते सांगत गेला. काकू दारातून ऐकत होत्या.

मग त्या आत गेल्या. उस्तादांचा वर्दीतला फोटो घेऊन बाहेर आल्या आणि आमच्या मधोमध खुर्चीवर ठेवला.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो.