आत्याबाईंची पापणी आणि माझी पेटी

“मॅडम, तुमची पेटी म्हणते साडेसदतीस. आमच्या आत्याबाई म्हणतात अंडी थंड हायत. मी कुणाचं ऐकू?”

फोनवर शिरूर अनंतपाळच्या शेषाबाई होत्या. मी नांदेडच्या माझ्या वर्कशॉपचं शटर नुकतंच वर केलं होतं.

“पेटीचं ऐका,” मी म्हणाले. त्या दिवसातली ही माझी पहिली चूक.

माझा धंदा सांगते. हौशी लोकांना सोल्डरिंग गन, मीटर, सेन्सर विकायचे आणि कुणाला काही खास हवं असेल तर बनवून द्यायचं. शेषाबाईंना अंडी उबवायची पेटी बनवून दिली होती. आत बल्ब, पंखा आणि थर्मिस्टर. थर्मिस्टर म्हणजे तांदळाएवढा सेन्सर. गरम झाला की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो. बाहेर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच काम नेमून दिलेला बोटभर कॉम्प्युटर. तो सेन्सर वाचतो आणि साडेसदतीसच्या खाली आलं की बल्ब लावतो.

आत्याबाई म्हणजे शेषाबाईंच्या सासूबाई. त्या अंडं मिटलेल्या डोळ्याला लावतात. पापणीची कातडी पातळ, तिला ऊब लगेच कळते.

अंडी शंभर होती आणि सगळी शेषाबाईंची नव्हती. गल्लीतल्या नऊ घरांनी आपापली गावरान अंडी अर्धलीनं दिली होती. पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी शेषाबाईंची. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि तो एकोणिसावा दिवस होता. अंडी वाया गेली असती तर शेषाबाईंना रोज नऊ दारांवरून मान खाली घालून जावं लागलं असतं.

“सकाळपासून बल्ब किती वेळा लागले?” मी विचारलं.

“लई कमी. मला वाटलं, वीज वाचवून राहिली पेटी.”

आता मात्र मी बसलेली उठले. “ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर आहे का घरात? पेटीत ठेवा आणि सांगा.”

पाच मिनिटांनी फोन आला. “त्र्याण्णव.”

त्र्याण्णव फॅरनहाइट म्हणजे चौतीस सेल्सिअस. पेटी चक्क साडेतीन डिग्रीनं खोटं बोलत होती. मागून आत्याबाईंचा आवाज आला, “सांग तिला, माझी पापणी शाळेत गेली न्हाई, पर नापास बी झाली न्हाई.”

कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायला सांगितल्या आणि निघाले. बाहेरगावच्या कामाची यादी माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असते. मीटर, लॅपटॉप, जादा बोर्ड, जादा थर्मिस्टर, स्पिरिट, जुना टूथब्रश, पोह्यांचा डबा. अहमदपूरला गाडी बदलून दुपारी पोचले.

ओसरीवर पेटी आणि पेटीभोवती सात बायका. जाहीर ऑपरेशन.

“डॉक्टरीणबाई आल्या,” एकीनं कळवलं.

मी मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड बदलला. आकडा तोच, साडेसदतीस. थर्मिस्टर बदलला. पुन्हा साडेसदतीस. प्रोग्राम ओळ अन् ओळ वाचला. त्यात काही चूक नव्हती.

“अजून किती सामान हाय पिशवीत?” आत्याबाईंनी विचारलं.

“संपत आलं.”

“मग आता डोकं वापर, माय.”

बायका खदखदल्या. मलाही हसू आलं. खरं तर बरोबर होतं. मी दोन्ही टोकं बदलली होती, मधला जोड पाहिलाच नव्हता. पेटीच्या आतल्या भिंतीवर दोन स्क्रूंचा छोटा कनेक्टर होता. सेन्सरची वायर तिथे येते आणि तिथून बाहेर बोर्डाकडे जाते. मी दोन्हीकडच्या वायरी सोडवल्या आणि मीटर लावला. काहीच जोडलेलं नाही म्हटल्यावर मीटरनं काही दाखवायला नको. त्यानं चाळीस किलो-ओहम दाखवले. म्हणजे दोन स्क्रूंच्या मधून वीज चोरवाटेनं जात होती.

मोबाईलची बॅटरी लावून वाकले. दोन स्क्रूंच्या बरोबर मधे, ठसठशीत, हळदकुंकू.

“आम्ही न्हाई लावलं,” शेषाबाई घाईनं म्हणाल्या. “आम्ही झाकणावर लावलं, बाहेरून.”

खरं होतं. लावलं होतं मी. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या हत्यारांची पूजा असते. मी ती यादीप्रमाणे करते, एकही वस्तू सुटू देत नाही. मीटर, गन, पक्कड, आणि टेबलावर उघडी असलेली ही पेटी. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, ओलं बोट, दिसेल त्या जागी ठिपका.

अठरा दिवस ते कुंकू कोरडं होतं, म्हणून गप्प होतं. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लाला कवच फोडता यावं म्हणून पेटीत पाण्याचा दुसरा ट्रे ठेवतात. दमट हवेत कुंकू पुन्हा ओलं झालं आणि त्यातून वीज वाहू लागली. अडथळा कमी दिसला की कंट्रोलर समजतो, ऊब भरपूर आहे. म्हणून तो बल्ब लावेना.

सगळ्यांसमोर कबूल केलं. मग शेषाबाईंनाच पहिल्यांदा हसू फुटलं आणि ओसरी हलली. एक बाई तर खांबाला धरून हसत होती.

“कुंकवाचा दोष न्हाई,” आत्याबाईंनी निकाल दिला. “बोटाचा हाय.”

स्पिरिट आणि टूथब्रशनं कनेक्टर घासला, वाळवला, वायरी जोडल्या. आकडा धडाधड उतरून चौतीसवर आला आणि चारही बल्ब एकदम लागले. दिवाळीत लागावेत तसे. थोड्या वेळानं साडेसदतीस. आत्याबाईंनी एक अंडं उचलून पापणीला लावलं. सात बायका आणि मी श्वास रोखून उभ्या.

“आता खरं बोलली,” त्या म्हणाल्या.

पण अंडी किती वेळ गार राहिली होती, कुणालाच माहीत नव्हतं. एकविसावा दिवस कोरा गेला. शेषाबाईंचा फोन आला नाही आणि मलाही करायचा धीर झाला नाही. मी रेझिस्टरचे तीन ड्रॉवर विनाकारण नव्यानं लावले.

बाविसाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. शेषाबाईंनी फोन थेट पेटीजवळ धरला. चिवचिव, चिवचिव, एकावर एक. मी स्पीकर लावला. फिश टँकसाठी टायमर न्यायला आलेले एक डॉक्टर काउंटरवर उभे होते. मी त्यांना चहा दिला, टायमर द्यायला विसरले. तेही विसरून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत शंभरातली एक्क्याऐंशी. एक पिल्लू जास्तीचं, त्याची वाटणी होईना. ते आत्याबाईंनी स्वतःकडे ठेवून घेतलं, तपासणीची फी म्हणून.

यातून शिकले ते इतकंच. वस्तू जिथे चालायची आहे तिथल्या हवेत तपासावी. माझ्या कोरड्या टेबलावर सगळंच पास होतं. आता प्रत्येक पेटी दोन दिवस ओल्या पोत्याखाली चालवून मगच देते. पूजाही होते, आधी झाकण लावून.