घडीत गेलेलं नाव

उमेदीच्या काळात मी बुधवार पेठेतल्या एका स्वस्त कॅसेट कंपनीत कव्हरवरचा मजकूर लिहायचो. गाजलेली भक्तिगीतं आम्ही दुसऱ्या गायिकांकडून हुबेहूब गाऊन घ्यायचो. कव्हरवर मूळ गायिकेचा फोटो. जिने खरोखर गायलं तिचं नाव आत दुमडल्या जाणाऱ्या पट्टीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. ही युक्ती माझी. मालक या उद्योगाला संगीतसेवा म्हणत, मूळ कंपनी चोरी म्हणे. गिऱ्हाईक काहीच म्हणत नसे, कारण ते घडी उघडत नसे.

यंदा कंपनीचा सुवर्णमहोत्सव झाला. भाषणांत ‘सांस्कृतिक वारसा’ इतक्यांदा आला की चोरीलाही प्रतिष्ठा आली. मालकांच्या मुलाने जुनी गाणी इंटरनेटवर चढवली आणि जुन्या कॅटलॉगात छापलेली कव्हरची पुढची बाजू बघून मूळ गायिकेचं नाव टाकलं.

आठवड्याने बिबवेवाडीहून आमच्या एका गायिकेचा फोन आला. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कुजबुजीपुरताच उरलाय.

“अहो, नात म्हणते, आजी, थापा मारू नकोस, इथे दुसरंच नाव आहे. गाऊन दाखवू म्हटलं, तर कशाने?”

मालकांचा मुलगा सज्जन. “काका, त्यांची गाणी कोणती ते लिहून सही करा, लगेच बदलतो.”

कव्हरं कुणी जपली नव्हती. मोबाइल घेऊन बाईंकडे गेलो. त्यांची असू शकतील अशी गाणी सात. पहिली दोन त्यांनी झटकन ओळखली. तिसऱ्याला थबकल्या. त्या काळात सदाशिव पेठेतल्या आणखी एक बाई गायच्या. एकीला सर्दी झाली की दुसरीला बोलावायचो.

“ही मी का हो?”

“तुम्हालाच कळत नाही?”

“कळू नये म्हणूनच तर तुम्ही घासून घेत होतात आमच्याकडून.”

मी गाणं पुन्हा लावलं. मलाही कळेना. नात शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. बाईंनी तिकडे पाहिलं.

“सातही माझीच लिहा.”

“आणि त्या?”

“त्या कुठे फोन करतायत?”

त्या आहेत की नाहीत, हेही आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं. मी सातही लिहिली, खाली सही केली.

संध्याकाळी नाव बदललं. नातीने मैत्रिणींना दाखवलं म्हणे. पण ती तिसरं गाणं लावायला गेली, तर बाईंनी लावू दिलं नाही.