बाळ रडलं, पण बाळंतपण संपलं नव्हतं

इंटर्न मित्रांनो, आज सकाळी लेबर रूममध्ये माझी चूक झाली.

कळवणच्या मनीषाताईंना मुलगी झाली. बाळ रडलं, वारही पूर्ण पडली. मी ग्लोव्हज काढून बाजूच्या टेबलाशी कागद भरायला बसले.

थोड्या वेळाने सिस्टरांनी विचारलं, "डॉक्टर, पोटावर हात ठेवून पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. चेंडूसारखं घट्ट लागायला हवं ते गर्भाशय मऊ होतं आणि रक्तस्राव वाढत होता.

सिस्टर पोट चोळू लागल्या. मी सीनियरना बोलावलं, इंजेक्शन दिलं. हळूहळू गर्भाशय घट्ट झालं, रक्त थांबलं.

"लय रक्त गेलं का?" मनीषाताईंनी घाबरून विचारलं. "बरंच गेलं, पण आता थांबलंय," मी खरं ते सांगितलं.

वार पडल्यावर पहिला तास पेशंटजवळून हलायचं नाही, हे मला पाठ होतं. पाठ असलेलं तुम्ही कधी असं विसरलात का?